लाल रंग कुणी सरकवला?

पुराची तीव्रता नकाशावर रंगवायला कोड फारसा लागत नाही. नदीची पातळी, तारीख-वेळ आणि तीन रेषा: इशारा, धोका आणि आजवरचा उच्चांक. केंद्रीय जल आयोगाची वर्गवारी यावरच चालते. इशाऱ्याच्या वर पिवळा, धोक्याच्या वर नारिंगी, उच्चांक गाठला की लाल.

माझा आक्षेप तिसऱ्या रेषेला आहे. सांगलीचा आयर्विन पूल घ्या. इशारा ४० फूट, धोका ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा इथे ५७ फुटांच्या वर गेली, २००५ चा उच्चांक मोडला. जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ च्या आसपास थांबलं. आता आयोगाचा नियम इथे लावून बघा: २०१९ लाल, २०२१ नारिंगी. आणि उद्या ४६ फूट आलं, तरी नारिंगीच! नदीकाठच्या माणसाला हे सांगून तर बघा. त्याच्या घराचं जोतं काही २०१९ नंतर वर उचललं गेलं नाही. रेषा तेवढी सरकली.

वर्षांची तुलना करायची तर पट्टी हलता कामा नये. माझ्या मते, दर तासाला पाणी धोक्याच्या किती फूट वर होतं ते मांडावं आणि सरळ बेरीज करावी. दोन तास ५० फूट आणि आठवडाभर ४७ फूट, यात कपाटं कुजवणारा पूर दुसरा. नुसत्या उच्चांकात तो दिसतच नाही.

अर्थात त्यासाठी तासातासाच्या नोंदी हव्यात. जुन्या पुरांच्या नोंदी अशा सरळ तक्त्यात मिळाल्या, तर बाकीचं काम एका रविवारचं आहे.