द्रव्यपरीक्षा आधी आपल्याच दारी व्हावी

आयुर्वेदाने द्रव्यांचे जांगम, औद्भिद आणि पार्थिव असे तीन वर्ग मानले आहेत. औद्भिद द्रव्यांतील भेसळीवर आपल्या सभांतून पुष्कळ चर्चा होते. जांगम द्रव्यांचा विषय निघाला की मात्र आपण मौन धरतो. या मौनाची किंमत उद्या सबंध व्यवसायाला मोजावी लागेल, असे आम्हांस वाटते.

हत्थाजोडीचे उदाहरण घ्या. एका दुर्मिळ वनस्पतीची मुळी म्हणून ही वस्तू पूजासाहित्याच्या व जडीबुटीच्या दुकानांतून वर्षानुवर्षे विकली गेली. २०१७ मध्ये प्रयोगशाळेतील तपासणीने ती घोरपडीच्या नराचे वाळवलेले जननेंद्रिय असल्याचे उघड झाले. जोडलेल्या दोन हातांसारखी दिसणारी ती ‘मुळी’ संरक्षित प्राण्याच्या शरीराचा भाग निघाली. तिचे विक्रेते सगळेच लबाड होते असे नव्हे. पण वनस्पती समजून जो माल ठेवला, तोच त्यांना गुन्ह्याच्या कक्षेत घेऊन गेला.

हे ओळखणारे शास्त्र आता बरेच पुढे गेले आहे. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. प्राण्यांच्या पेशींतील मायटोकाँड्रियामध्ये ‘सायटोक्रोम बी’ नावाचे जनुक असते. त्याचा एक लहान तुकडा वाचून तो ज्ञात प्राण्यांच्या नोंदींशी ताडून पाहतात. एका पेशीत या जनुकाच्या असंख्य प्रती असल्याने वाळलेले कातडे, शिजवलेले मांस किंवा जुने हाड यांतूनही प्राण्याची जात बहुधा सांगता येते. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतही अशी तपासणी होते. हस्तिदंत त्याच्या छेदावरील जाळीदार रेषांवरून, तर मुंगसाचा केस सूक्ष्मदर्शकाखालील रचनेवरून ओळखला जातो.

या शास्त्राला भिण्याचे कारण नाही. ते निरपराधाचेही रक्षण करते. वाघनख म्हणून जप्त केलेली वस्तू गुरांच्या शिंगाची निघाली, तर वन्यजीवाच्या शिकारीचा संशय तेथेच फिटतो.

परंतु या शास्त्राची एक मर्यादा आपल्या व्यवसायाशी थेट निगडित आहे. गजपुटात भाजलेल्या शृंगभस्मात जनुकीय द्रव्य शिल्लक राहत नाही. शिंग कोणत्या प्राण्याचे होते, हे भस्म सांगू शकत नाही. प्रवाळाचेही तसेच. प्रवाळभित्ती बांधणारे सर्व प्रवाळ २००१ पासून संरक्षित आहेत. शाखा हाती असताना त्यांचा प्रकार पारखता येतो, भस्म झाल्यावर नाही. मग मागे साक्षीदार उरतो तो केवळ खरेदीचा कागद. तो नसेल, तर आपली बाजू मांडणार कोण?

कायद्याचे धोरणही कठोर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ५७ नुसार, अशी वस्तू ताब्यात असल्याचे सिद्ध झाले की तो ताबा बेकायदा नाही हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर येते. अनुसूची १ मधील प्राण्यांच्या बाबतीत तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. ‘शिंग रानात गळून पडलेले होते’ हा बचाव कामास येईल, या भ्रमात कोणी राहू नये.

काही ज्येष्ठ बंधू म्हणतात, ‘कस्तुरीवाचून ग्रंथोक्त योग पूर्ण कसा होणार?’ त्यांच्या ग्रंथनिष्ठेविषयी आम्हांस आदर आहे. तथापि ज्या भावमिश्रांनी कस्तुरीचे कामरूप, नेपाळ व काश्मीर असे देशपरत्वे भेद सांगितले, त्यांनीच कस्तुरीच्या अभावी कंकोळ घ्यावा असेही सांगून ठेवले आहे. प्रतिनिधी द्रव्याची योजना हा शास्त्राचाच भाग आहे. कस्तुरी फक्त नरापाशी असते; हिमालयात लावलेल्या फाशात मात्र माद्या आणि पाडसेही मरतात. अशा द्रव्याला आज ‘अभाव’ म्हणायचे नाही, तर कशाला? चीननेही २०२० मध्ये आपल्या औषधसंहितेच्या कच्च्या द्रव्यांच्या यादीतून खवल्या मांजराचे खवले वगळले.

सोलापूर हे पुणे-हैदराबाद मार्गावरील गाव. सात रस्त्यावरील आमच्या काउंटरवरही फिरते विक्रेते पिशवी उघडून ‘अस्सल माल’ दाखवतात. बिलाविषयी विचारले की पिशवी बंद होते. आमच्या मते हीच पहिली द्रव्यपरीक्षा होय.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. एक, मूळ प्राणी व उगम यांची लेखी नोंद आणि बिल असल्याखेरीज कोणतेही जांगम द्रव्य विकत घेऊ नये. दोन, पुट देण्यापूर्वी प्रत्येक खेपेतील कच्च्या द्रव्याचा नमुना तारीख घालून मोहोरबंद ठेवावा. शंका उद्भवल्यास प्रयोगशाळेला तपासण्याजोगे काही उरेल. तीन, संघटनेने सोलापूरच्या उपवनसंरक्षकांची भेट घेऊन संशयित द्रव्य कोठे व कसे सुपूर्द करावे याची पद्धत ठरवून घ्यावी. एकट्यादुकट्या वैद्याला ते अवघड जाते, संघटनेला जाणार नाही.

द्रव्य ओळखणे हे आपले मूळ कर्तव्य आहे. ‘हे काय आहे?’ हा प्रश्न तपास अधिकाऱ्याने आपल्याला विचारण्याआधी आपणच विक्रेत्याला विचारला पाहिजे. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास माल परत करण्याचे धैर्य आपल्या सभासदांनी दाखवावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.