घर नावावर, कर्ज डोक्यावर. मग संपत्ती किती?

कोपर स्थानकात सकाळची लोकल पकडणाऱ्या आपल्या माणसाला पगार विचारा, तो चटकन सांगेल. पण आज सारी मालमत्ता विकून सारी देणी फेडली तर हातात काय उरेल, असे विचारले की तो गप्प होतो. जे उरते तीच खरी संपत्ती. पगार म्हणजे संपत्ती नव्हे!

हिशेब सोपा आहे. वहीच्या एका बाजूला घर, सोने, भविष्यनिर्वाह निधी, बँकेतील ठेव आजच्या किमतीने लिहावी. दुसऱ्या बाजूला गृहकर्जाची शिल्लक, पतपेढीचे कर्ज, सोनेतारण, उसनवारी. समजा, घर २८ लाखांचे, सोने २ लाखांचे, निधी ३ लाखांचा. एकूण ३३ लाख. देणी २३ लाख. संपत्ती १० लाख. कोणाला जामीन राहिलो असू तर तेही टिपावे; त्याने हप्ते बुडवले की वसुली आपल्या दारात येते.

पण घराची किंमत कागदपत्रांवर उभी असते. कोपर ज्या डोंबिवलीत मोडते, तिथेच महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेराचे नोंदणी क्रमांक मिळवले गेले. अशा ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. वरच्या हिशेबातून घर वजा करा. मालमत्ता उरते ५ लाख, कर्ज मात्र २३ लाख. म्हणजे आयुष्यभर राबून उणे १८ लाख! बनवाबनवी करणारे नामानिराळे आणि हप्ता भरणारा रस्त्यावर, हा कुठला न्याय? दोषींकडूनच ही भरपाई वसूल झाली पाहिजे, असे आम्ही ठामपणे म्हणतो.

नावावर आहे पण आपले नाही, हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. महार वतनाची जमीन नावावर होती, पण तिच्यापायी सारे घराणे सरकारच्या आणि गावाच्या राबणुकीला जुंपले होते. बाबासाहेबांनी ही फसवी मालमत्ता ओळखली आणि १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. पिढ्यान्‌पिढ्या जमीन आणि भांडवल नाकारलेल्या समाजाला शून्यापासून सुरुवात करावी लागली. वारशाने घर मिळालेल्याची एक चूक पचते. आपली पहिलीच कमाई बुडाली तर पुढची पिढी पुन्हा शून्यावर येते.

तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली. त्यांत एक आहे अनणसुख, म्हणजे कुणाचेही देणे नसण्याचे सुख. हप्त्यावर मोटारसायकल आणि कर्ज काढून लग्नाचा थाट करताना हे आठवावे.

म्हणून आमचे सांगणे आहे की, दर १४ एप्रिलला पती-पत्नीने एकत्र बसून ही वही भरावी. विहाराविहारांत वकील, बँक कर्मचारी बांधवांनी घराचे कागद तपासून द्यावेत. बयाणा देण्याआधी बांधकाम परवानगी थेट महापालिकेत पडताळावी. 'शिका' या आदेशात हा हिशेबही येतो.