झोत सांडू न देण्याची कसोटी

माथेरानच्या पश्चिमेला, सरळ रेषेत चाळीस किलोमीटरच्या आत, प्रोटॉनना वेग देणारी दोन यंत्रे आहेत. एक खारघरला, टाटा स्मारक केंद्राच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ संस्थेच्या आवारात. मे २०२३ मध्ये राष्ट्रार्पण झालेल्या या सुविधेत प्रोटॉनच्या झोताने कर्करोगावर उपचार होतात. दुसरे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात. ‘लेहिपा’ नावाच्या या सरळ रेषेतल्या त्वरकाने २०२३ मध्येच प्रोटॉनना २० एमईव्ही, म्हणजे दोन कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेपर्यंत नेले.

खारघरच्या प्रोटॉनची ऊर्जा २३० एमईव्हीपर्यंत जाते, लेहिपाच्या अकरापटीहून अधिक. तरीही ‘उच्च शक्ती’ हे शब्द लेहिपाच्याच संदर्भात वापरले जातात. याचे कारण साध्या गुणाकारात आहे. झोताची शक्ती म्हणजे प्रोटॉनची ऊर्जा गुणिले झोतातला विद्युतप्रवाह. उपचाराला काही नॅनोअँपिअर प्रवाह पुरतो. त्याची शक्ती जेमतेम वॅटभर भरते. लेहिपाचे उद्दिष्ट १० मिलीअँपिअरचे आहे. ते अखंड झोतात पूर्ण साधले, तर शक्ती २०० किलोवॅट होईल. आज हा झोत तुटक स्पंदांतच मिळतो. पुढचे लक्ष्य याहून मोठे आहे: १,००० एमईव्ही ऊर्जेचा त्वरक. त्यात १० मिलीअँपिअर प्रवाह धरला, तर शक्ती १० मेगावॅट होते.

एवढी शक्ती हवी कशाला? उत्तर थोरियमशी जोडलेले आहे. केरळ, तमिळनाडू, ओडिशा आणि आंध्र प्रदेशच्या किनाऱ्यांवरील वाळूत थोरियमचे मोठे साठे आहेत. पण थोरियम स्वतः इंधन नाही. त्याच्या अणुकेंद्राने एक न्यूट्रॉन गिळला, की काही आठवड्यांत त्याचे युरेनियम-२३३ होते आणि मग ते जळते. म्हणजे आधी न्यूट्रॉन हवेत. हजार एमईव्हीचा एक प्रोटॉन शिशासारख्या जड धातूवर आदळला, तर वीसेक न्यूट्रॉन बाहेर पडतात. या न्यूट्रॉनवर चालणाऱ्या अणुभट्टीत इंधन मुद्दाम कमी ठेवता येते, इतके की विखंडनाची साखळी आपल्या बळावर टिकूच नये. झोत बंद केला की साखळी थांबते. इंधनात उरलेली उष्णता मात्र त्यानंतरही थंड करत राहावी लागते. १९९० च्या दशकात नोबेलविजेते कार्लो रुबिया यांनी ही कल्पना जोरकसपणे मांडली.

कागदावर सोपे वाटणारे हे गणित दोन ठिकाणी अडते. पहिली अडचण गळतीची. झोतातले थोडे प्रोटॉन नळीच्या भिंतीवर आपटतात आणि ती जागा किरणोत्सारी होते. त्वरक बंद करून माणसाने आत जाऊन दुरुस्ती करायची, तर गळती मीटरमागे साधारण एक वॅटच्या आत राहावी लागते. १० मेगावॅटच्या झोतात याचा अर्थ दर मीटरला एक कोटीतला एकच भाग. दुसरी अडचण खंडाची. झोत अचानक तुटला, तर भट्टीचे तापमान घसरते, परत आला की चढते. असे वरचेवर झाले, तर धातूला थकवा येतो. रुग्णालयात किंवा प्रयोगशाळेत खपून जाणारा काही सेकंदांचा व्यत्यय इथे महागात पडतो.

यासाठी कोणत्या जातीचा त्वरक निवडायचा? सायक्लोट्रॉनचे चुंबकीय क्षेत्र स्थिर असते, म्हणून झोत अखंड मिळतो. स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेत ५९० एमईव्हीचा सायक्लोट्रॉन १.४ मेगावॅटपर्यंत पोहोचला आहे. पण ऊर्जा वाढेल तशा फेऱ्या एकमेकींच्या इतक्या जवळ येतात, की झोत सुखरूप बाहेर काढणेच कठीण होते. सिंक्रोट्रॉनमध्ये प्रोटॉन एकाच वाटेवर फिरतात आणि वेगानुसार चुंबकांचे बळ वाढवत न्यावे लागते. त्यामुळे झोत स्पंदांत येतो. ब्रिटनच्या ‘आयसिस’ केंद्रात सेकंदाला पन्नास स्पंद. सरळ त्वरकात ही बंधने नाहीत, पण प्रत्येक टप्प्याला नवे यंत्र लागते. लांबी वाढते आणि खर्चही.

या तिन्हींमधली वाट म्हणजे ‘एफएफएजी’: स्थिर क्षेत्राचा, आळीपाळीने उलट उतार देणाऱ्या चुंबकांचा त्वरक. जत्रेतला ‘मौत का कुआँ’ आठवला, तर त्याचे तत्त्व कळते. लाकडी भिंत जागची हलत नाही. मोटारसायकलचा वेग वाढला की ती वरच्या फळ्यांवर चढते. इथेही चुंबकांचे क्षेत्र स्थिर असते, पण बाहेरच्या बाजूला अधिक तीव्र. ऊर्जा वाढलेला प्रोटॉन आपसूक बाहेरची वाट धरतो. एक चुंबक झोत आडवा आवळतो आणि उभा पसरवतो, पुढचा याच्या उलट करतो. दोन्ही मिळून झोत बांधलेला राहतो. चुंबकांचे बळ बदलायचे नसल्याने सेकंदाला शंभर किंवा त्याहून अधिक स्पंद काढता येतात.

१९५० च्या दशकात जपान, अमेरिका आणि सोव्हिएत संघात ही कल्पना स्वतंत्रपणे सुचली. पण प्रोटॉन फिरवणारा पहिला एफएफएजी जपानच्या ‘केईके’ संस्थेत २००० च्या सुमारास चालला. मार्च २००९ मध्ये क्योतो विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा त्वरकाचा १०० एमईव्हीचा झोत प्रायोगिक अणुभट्टीला जोडला आणि २०१० मध्ये थोरियम ठेवूनही प्रयोग केला. भारताला हवी असलेली जोडणी तिथे प्रत्यक्षात आली, पण झोताची शक्ती अत्यल्प होती. मेगावॅटचा एफएफएजी आजवर कुठेच उभा राहिलेला नाही.

अडथळे आराखड्यातच आहेत. प्रोटॉन एकमेकांना ढकलतात. कमी वेगात आणि दाट गर्दीत हे ढकलणे सर्वांत त्रासदायक ठरते. शिवाय प्रत्येक प्रोटॉन फिरताना आजूबाजूला हेलकावे खातो. एका फेरीतल्या हेलकाव्यांची संख्या पूर्णांकावर आली, तर चुंबकातली बारीकशी चूक दर फेरीला त्याच ठिकाणी धक्का देते. झोपाळ्याला नेमक्या क्षणी दिलेल्या धक्क्यांसारखी ती साठत जाते आणि प्रोटॉन भिंतीवर जातो. हेलकाव्यांची संख्या कायम ठेवायची, तर रुंद आणि क्लिष्ट घडणीचे चुंबक लागतात. साधे चुंबक वापरले, तर ती संख्या बदलत जाते आणि धोक्याचे आकडे ओलांडावे लागतात. इंग्लंडमधील डेअर्सबरीच्या ‘एमा’ यंत्राने हे आकडे झपाट्याने ओलांडता येतात असे दाखवले; पण ते हलक्या इलेक्ट्रॉनवर. प्रोटॉनला ऊर्जा घ्यायला जास्त फेऱ्या लागतात, म्हणून धोक्याजवळ तो अधिक काळ रेंगाळतो.

त्यामुळे ‘आयसिस’चे अभियंते घाई करत नाहीत. भावी मेगावॅट यंत्रासाठी त्यांच्यापुढे एफएफएजीचा पर्याय आहे. पण त्याआधी ३ ते १२ एमईव्हीचे छोटे चाचणी-वर्तुळ ते आखत आहेत, कारण गर्दीचा त्रास याच टप्प्यात सर्वाधिक असतो.

भारताने सरळ त्वरकाचा मार्ग धरला आहे आणि तो योग्यच आहे. अमेरिकेतील फर्मिलॅबच्या ८०० एमईव्ही त्वरकासाठी भाभा केंद्र, इंदूर, कोलकाता आणि दिल्लीच्या संस्था भाग पुरवत आहेत. त्यातून येणारे कसब इथेच वापरता येईल. पण २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातल्या २० हजार कोटींच्या अणुऊर्जा मोहिमेची आणि २०४७ पर्यंतच्या १०० गिगावॅट लक्ष्याची चर्चा छोट्या अणुभट्ट्यांभोवती फिरते. त्वरकाचे नाव त्यात क्वचित ऐकू येते. थोरियमची किल्ली न्यूट्रॉनकडे असेल, तर लेहिपाची पुढची पायरी निधीअभावी रेंगाळणे परवडणार नाही.

एफएफएजीवर आज वीजनिर्मितीची भिस्त ठेवता येत नाही. मात्र लेहिपासारखा झोत हाताशी असताना त्यापुढे छोट्या वर्तुळाचा आराखडा करून पाहणे, हा तुलनेने स्वस्त अभ्यास ठरेल. त्या वर्तुळाने ऊर्जा किती गाठली, हा त्यात दुय्यम प्रश्न असेल. दहा मेगावॅटच्या यंत्राला जी परीक्षा द्यावी लागेल, तीच त्यालाही द्यावी लागेल: आत सोडलेल्या प्रोटॉनपैकी किती वाटेत सांडले, आणि यंत्र बंद केल्यावर दुरुस्तीसाठी माणूस किती लवकर आत जाऊ शकला.