खतावणी झाकून ठेवली, तर अभ्यास कशाचा होणार?

पदवीचे निकाल लागले की आमच्या दुकानाच्या ओट्यावर दरवर्षी एकच चर्चा होते. मुलाला एम.बी.ए.ला घालावे, पण कुठे? पुणे, मुंबई की दुबई? माहितीपत्रकावर परदेशी विद्यापीठाचे नाव असते, एक सत्र परदेशात असे छापलेले असते आणि फी लाखांत असते. कोणी बागेचे येणे बँकेत दाखवतो, कोणी कुवेतच्या भावाला फोन लावतो. आमचे स्वतःचे शिक्षण उर्दू माध्यमातले. व्यापार शिकलो तो मुंबईच्या मंगलदास मार्केटात तागे उचलून. तरीही या तालिमीला आमचा विरोध नाही. आम्ही पालकांना एवढेच विचारतो की, तिथे शिकवतात ते कोणाच्या धंद्यावरून?

हा प्रश्न आम्हा कापडवाल्यांनी विचारणे योग्यच आहे. १९६१ साली अहमदाबादेत भारतीय प्रबंध संस्था निघाली, तिच्यामागे विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई होते. दोघेही कापड गिरणीवाल्या घराण्यांतले. त्यांनी अमेरिकेच्या हार्वर्डशी हात मिळवला. चार वर्षांनी, १९६५ साली, मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने उभी राहिली. म्हणजे परदेशी विद्यापीठाशी नाते जोडणे ही काही आजची टूम नव्हे.

हार्वर्डची शिकवण्याची रीत व्यापाऱ्याला पटण्यासारखी आहे. पुस्तकी व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा एखाद्या खऱ्या धंद्याची हकीकत विद्यार्थ्यांपुढे ठेवतात आणि विचारतात, या गल्ल्यावर तुम्ही बसला असता तर काय केले असते? दोन वर्षांत अशा सुमारे पाचशे हकीकती होतात. त्या लिहिण्यासाठी माणसे बाजारात फिरतात. २००६ साली हार्वर्डने मुंबईत आपले संशोधन केंद्र उघडले. २०१० साली त्यांच्या एका प्राध्यापकांनी मुंबईच्या डबेवाल्यांवर हकीकत लिहिली. मावळ पट्ट्यातून आलेली, बेताची शाळा शिकलेली माणसे डब्यावरच्या खुणांवर लाखो डबे वेळेवर कसे पोचवतात, हे अमेरिकेत बसून मुले शिकू लागली. आमची मुले तोच डबा लोकलमध्ये रोज बघत होती!

आता जामसंड्याच्या पेठेकडे या. इथे गिऱ्हाईक गणपतीला, ईदला, लग्नाला कापड नेते आणि पैसे देते आंब्याचे आल्यावर, मे-जूनमध्ये. म्हणजे आठ-आठ महिने उधारी. इकडे भिवंडी-इचलकरंजीच्या नोंदणी असलेल्या लहान कारखानदाराचा माल घ्यावा, तर २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे चुकते करावे लागतात. नाहीतर ती खरेदी त्या वर्षीच्या आयकरात खर्च म्हणून धरत नाहीत. लहान कारखानदाराच्या भल्याचा कायदा आहे, हे आम्ही मान्य करतो. पण आठ महिने आणि ४५ दिवस यांच्यामधली फट दुकानदार कशाने भरतो, हे कोणत्या वर्गात शिकवतात?

आणखी एक उदाहरण. १ मे २०१४ रोजी युरोपने भारतीय आंब्यावर बंदी घातली, कारण फळमाशी. जानेवारी २०१५ मध्ये ती उठवण्याचा निर्णय झाला. मधल्या हंगामात आमच्या बागायतदार गिऱ्हाइकांची येणी दिवाळीपलीकडे गेली. ब्रुसेल्समधला हुकूम जामसंड्याच्या कापड दुकानाच्या खतावणीत उतरला. हा आंतरराष्ट्रीय व्यापार नव्हे तर काय?

मात्र कोणी विचारायला आलेच नाही, असे म्हणण्याचा हक्क आम्ही गमावला आहे. काही वर्षांपूर्वी मुंबईच्या एका व्यवस्थापन महाविद्यालयातील मुलगी छापील प्रश्नावली घेऊन एस.टी.ने आमच्या पेठेत आली. विषय होता गावाकडची उधारी. आम्ही तिला कोकम सरबत दिले, पंख्याखाली बसवले आणि साफ खोटे आकडे सांगितले. उधारी निम्मी सांगितली. तिने विचारले, "काका, बुडीत किती?" आम्ही म्हणालो, काही नाही. माळ्यावर बुडिताची पानेच्या पाने पडली होती. मनात भीती एकच, हा कागद उद्या आयकरवाल्यांच्या हातात गेला तर? शेजारच्या दोन दुकानदारांनीही तेच केले. संध्याकाळी आम्ही त्यावर हसलोही. ती पोर मात्र प्रत्येक आकडा नीट लिहून घेऊन गेली. तिच्या प्रबंधात जामसंड्याचा दुकानदार सुखी, उधारी वेळेवर वसूल. मग बँक म्हणते, तुम्हाला वाढीव कर्ज कशाला?

नंतर समजले की अशा हकीकतीत व्यापाऱ्याचे नाव आणि आकडे बदलता येतात, आणि हार्वर्डसारख्या ठिकाणी धंदेवाल्याची लेखी संमती असल्याशिवाय हकीकत वर्गात जात नाही. हे त्या मुलीने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही.

म्हणून पालकांना सांगणे आहे की, परदेशी नाव पाहून भुलण्याआधी पदवी कोण देणार ते विचारा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत एक प्रकार असा आहे, ज्यात मूल काही काळ परदेशी शिकते, पण पदवी भारतीय संस्थेचीच मिळते. दोन्हींची पदवी हा वेगळा प्रकार. प्रवेश घेतल्यावर हे कळून उपयोग नाही. आणि तिथले अध्यापक कोणत्या बाजारात फिरले आहेत, तेही विचारा. पुण्याचे आझम कॅम्पस असो की मुंबईचे अंजुमन-ए-इस्लाम, दोन्हीकडे व्यवस्थापनाचे वर्ग चालतात. त्यांनी मुलांना परदेश सहलीला जरूर न्यावे, पण एक मे महिना मालेगावच्या यंत्रमागावर किंवा आमच्या कोकणात घालवायला लावावा.

आमच्याकडे यायचे तर सकाळी येऊ नये. तेव्हा पेट्या भरण्याची धावपळ असते आणि बाजारात कोणाला बोलायला सवड नसते. असरनंतर यावे. २०१४ ची खतावणी आम्ही माळ्यावरून खाली काढून ठेवली आहे. गिऱ्हाइकांच्या नावांवर तेवढा कागद चिकटवू, आकडे उघडे राहतील.