मी बसते गाडीत!

एका भगिनीने पत्रातून विचारले आहे, ‘दिवाळीच्या सुट्टीत मोटारीने सहलीला जायचे ठरते आहे. सासूबाई ‘मी नाही येत’ म्हणतात. आग्रह करावा, की त्यांचे म्हणणे मानावे?’

हाच प्रश्न दोन वर्षांपूर्वी आला असता, तर ‘मोठ्या माणसांना कशाला त्रास!’ असे लिहून मी मोकळी झाले असते. पण गेल्या जुलैत माझे मत पार बदलले. कसे, ते सांगते.

माझे धाकटे दीर अमेरिकेत अलास्कामध्ये, अँकरेज शहरात असतात. पंचाहत्तरीला टेकलेल्या सासूबाईंना घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. तिथून सीवर्ड नावाचे एक छोटे बंदर मोटारीने अडीच-तीन तासांवर आहे, सुमारे २०५ किलोमीटर. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला बर्फाचे डोंगर आणि त्या डोंगरांतून उतरणाऱ्या हिमनद्या. १८६७ साली अमेरिकेने रशियाकडून अलास्का विकत घेतले, तो व्यवहार करणाऱ्या मंत्र्याचे नाव या गावाला दिलेले आहे.

जाऊबाईंनी पहाटे उठून दशम्या, लसणीची चटणी आणि तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या. थर्मास भरले. मोठी गाडी होती, आम्ही सातजण निघालो.

रस्ता सुरू होतो तोच खाडीच्या काठाने. या खाडीला टर्नअगेन आर्म म्हणतात. भरती-ओहोटीला इथे पाणी आठ-नऊ मीटर चढते-उतरते! ओहोटीला जो राखाडी चिखल उघडा पडतो, तो दिसतो मऊ, पण पाय रुतला की सुटत नाही. मुलांना तिथे उतरू द्यायचे नाही, हे दिरांनी आधीच बजावले होते. पुढे पोर्टेजपाशी रस्त्यालगत वाळलेल्या झाडांचे करडे बुंधे उभे दिसले. २७ मार्च १९६४ रोजी ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा इथली जमीन सुमारे दोन मीटर खचली. समुद्राचे खारे पाणी मुळांशी शिरले नि झाडे उभ्या उभ्या मेली.

तिथे थांबून आम्ही चहा घेतला. सासूबाई म्हणाल्या, “मला नको गं.” आता आमच्या सासूबाई म्हणजे चहाच्या आधी देवाचेही नाव न घेणाऱ्या! मला जरा नवल वाटले, पण प्रवासात होते असे, म्हणून मी गप्प बसले.

सीवर्ड जवळ आले तशी गाडी एक्झिट ग्लेशियरच्या फाट्याला वळली. हार्डिंगचे बर्फाचे पठार म्हणून सुमारे अठराशे चौरस किलोमीटरचा बर्फाचा विस्तार वर डोंगरात आहे. त्यातून लहानमोठ्या चाळीसएक हिमनद्या उतरतात, त्यातली ही एक. गाडी लागली, मुले उड्या मारत उतरली, आणि सासूबाई म्हणाल्या, “तुम्ही या जाऊन. मी बसते गाडीत. सामानापाशी कुणीतरी हवंच.”

“बरं,” असे म्हणून हे निघालेसुद्धा! मीही दोन पावले गेले. पण तो चहा डोक्यातून जाईना. मागे फिरले, त्यांच्याजवळ बसले आणि हळूच विचारले, “आई, काय होतंय? खरं सांगा.”

आधी त्या काही बोलेनात. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, “अगं, मला तासातासाला जावं लागतं. मुलाला काय सारखी गाडी थांबवायला सांगू? सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नाही मी.”

मैत्रिणींनो, मला इतके ओशाळल्यासारखे झाले! स्वच्छतागृह समोर वीस पावलांवर होते. पण ते त्यांना दाखवावे, असे आम्हा सातजणांत कुणाला सुचले नव्हते.

मग आम्ही दोघी सावकाश निघालो. पायवाटेचा पहिला भाग चाकांची खुर्चीही जाईल इतका सपाट आहे. वितळलेल्या बर्फाचा प्रवाह पाहून सासूबाई म्हणाल्या, “हे तर तांदळाचं धुवण!” खरेच तसा रंग होता. हिमनदी सरकताना खालचा खडक जात्यासारखी दळते, त्याची भुकटी त्या पाण्यात असते.

या वाटेवर सालांच्या पाट्या लावल्या आहेत. त्या त्या साली हिमनदीचे टोक तिथवर होते, अशी ती खूण. १९१७ची पाटी गाडीतूनच दिसली होती. झाडांमध्ये १९५१ची पाटी आली तशा सासूबाई थांबल्या. “हे माझ्या जन्माचं साल. म्हणजे मी पाळण्यात होते, तेव्हा बर्फ इथवर?” हिमनदी तर पार वर, डोंगराच्या कुशीत दिसत होती. हवा तापत चालली तशी ती मागे मागे गेली आहे.

पाटीवर हात ठेवून त्या बराच वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, “महाबळेश्वरला चारदा गेले गं मी. आर्थर सीट अजून पाहिलं नाही. मुलं लहान, सामान खाली. दर वेळी म्हटलं, पुढच्या खेपेला बघू.”

यावर मी काय बोलणार?

संध्याकाळी सीवर्डच्या बंदरात पाणमांजरे पाण्यावर उताणी तरंगताना पाहिली. रात्री दहा वाजता लख्ख उजेड होता. सासूबाईंनी दोन कप चहा घेतला.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या भगिनी, आग्रह करण्याआधी कारण विचारा. चारचौघांत नव्हे, एकटीला गाठून. गुडघे, लघवीची अडचण, गाडी लागणे, पैशांचा संकोच, यातलेच काहीतरी निघेल, आणि त्यावर उपाय असतो. दर तासाने गाडी थांबेल, हे निघण्यापूर्वीच सर्वांसमोर ठरवून टाका, म्हणजे कुणाला मागावे लागणार नाही. पाणी बंद करू देऊ नका, त्याने त्रास वाढतो. थंड हवेत एका जाड कोटापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक बरे. कानटोपी आणि जादा मोजे हाताशी असू द्या. आलेपाकाची डबी पुढे ठेवा. रानात खाण्याचे डबे उघड्यावर टाकू नका. तिकडे अस्वले येतात, आपल्याकडे माकडे!

आणि सामान? त्याला गाडीत कुलूप लावून ठेवा. सामानाला सोबत लागत नाही.

आता तुमचे तुम्हीच आठवा. गेल्या सहलीत ‘मी बसते इथेच’ असे तुम्ही किती वेळा म्हणालात?