सल्ला जुना, कायदा नवा

दर जून महिन्यात प्रवेशाच्या टेबलासमोर पालकांची रांग लागते आणि एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो : "सर, धर्माच्या रकान्यात काय लिहायचं?" विचारणाऱ्या बापाला गावातल्या जाणत्याने बजावलेले असते, "बौद्ध लिहिलंस तर सवलत जाईल, हिंदू लिही." तालुक्याला अर्ज लिहून देणारा सांगतो, "बौद्ध लिहा, पण जातीचा उल्लेख नको." तिसरा म्हणतो, "रकाना कोराच ठेवा, पुढचं पुढे बघू." तिघांनाही जोखीम नको असते, ती मुकाट्याने लेकराच्या पदरी पडते.

ही भीती अकारण जन्मलेली नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा प्रामुख्याने हिंदू धर्मीयांपुरता ठेवला होता. १९५६ मध्ये त्यात शीख धर्माचा समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरच्या भूमीवर लाखोंनी धम्मदीक्षा घेतली. परंतु त्या आदेशात बौद्धांना स्थान मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. मधल्या काळात सावध सल्ला देणाऱ्याला दोष देता येणार नाही. दोष आजच्या सल्लागाराचा आहे. संसदेने कायदा बदलला, याने सल्ला बदलला नाही.

आजची स्थिती स्पष्ट आहे. धर्म बौद्ध लिहिल्याने अनुसूचित जातीचा हक्क जात नाही. मात्र तो हक्क सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर असते आणि त्यासाठी कुटुंबाच्या मूळ जातीचा पुरावा लागतो. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० हा दिनांक महत्त्वाचा मानला जातो. म्हणून आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला, गावच्या दप्तरातील जुनी नोंद जिवापाड जपणे, ही खरी सावधगिरी. स्वतःचा धर्म लपविणे ही सावधगिरी नव्हे.

विसंगत सल्ल्याचे फळ आम्ही डोळ्यांनी पाहतो. एकाच घरातील थोरल्याच्या दाखल्यावर 'हिंदू', धाकटीच्या दाखल्यावर 'बौद्ध' आणि मधल्याचा रकाना कोरा. पुढे जात पडताळणीच्या वेळी याच तफावतीचा खुलासा मागितला जातो. मजुरी बुडवून बाप कचेरीच्या पायऱ्या झिजवतो. ज्या अडचणीच्या भयाने सल्ला दिला, ती अडचण सल्ल्यानेच उभी केलेली असते. सल्ला देणाऱ्याचा मात्र एक दिवसही वाया जात नाही.

याहून मोठी हानी मनाची होते. ज्या धर्माने आजोबांना मान ताठ करायला शिकविले, त्याचे नाव नातवाने कागदावर चोरून ठेवायचे, हा पहिला धडा शाळेच्या दारातच मिळावा काय?

पालकांना एवढेच सांगणे आहे : कोणी कायद्याचे भय दाखविले, तर "कोणता कायदा, कोणत्या साली झाला?" असे नम्रपणे विचारा. 'लेखी द्याल का?' हेही विचारा. ऐकीव सल्ला या दोन प्रश्नांपुढे सहसा टिकत नाही.

आणि या शाळेतून शिकून वकील, अधिकारी झालेल्या आमच्या विद्यार्थ्यांना विनंती : जून महिन्यातला एक दिवस या टेबलाशी येऊन बसा. रांगेतल्या बापाला निश्चित आणि खरे उत्तर हवे आहे. ते त्याला आपल्याच माणसाकडून मिळू द्या.