झाकावे काय आणि उघडे ठेवावे काय

कोडे घालावे आणि त्याच ओळीत उत्तर सांगून टाकावे, असे कोणी करीत नाही. म्हणूनच छापील पत्रांतून कोड्याचे उत्तर पानाच्या तळाशी उलटे छापण्याची किंवा पुढील अंकापर्यंत राखून ठेवण्याची चाल पडली. वाचकाने प्रथम आपली बुद्धी चालवावी आणि मग उत्तर पाहावे, एवढाच त्यातील हेतू. आज पुष्कळ लिखाण संगणकावर व मोबाईलवर होते, तरी तो हेतू कायम आहे. बोट लावताच उघडणारा झाकलेला मजकूर हे त्याचेच नवे रूप होय.

तसे पाहिले तर ही युक्तीही आता जुनी झाली. १९८० च्या दशकाच्या आरंभी ‘युजनेट’ नावाच्या संगणकीय पत्रव्यवहारात विनोदाचा शेवट किंवा कोड्याचे उत्तर ‘रॉट-१३’ या रीतीने लिहीत असत. इंग्रजी अक्षरे २६; प्रत्येक अक्षराऐवजी त्यापुढचे तेरावे अक्षर लिहावयाचे. तीच क्रिया पुन्हा केली की मूळ मजकूर परत येई. २०२१ च्या अखेरीस टेलिग्रामने शब्दांवर धूसर पडदा टाकण्याची सोय दिली. बोट लावले की पडदा दूर होतो.

आमच्या वाचकांत शिक्षक आहेत, संस्थांचे चिटणीस आहेत आणि दूर नोकरीस गेलेल्या मुलांना ई-मेल पाठविणारे आईबापही आहेत. त्यांच्या उपयोगाचे दोन शब्द सांगतो. ‘वर्ड’मध्ये, २०१३ च्या आवृत्तीपासून, मथळ्यास ‘हेडिंग’ ही शैली दिली की मथळ्याच्या डाव्या बाजूस लहानसा त्रिकोण दिसतो. तो दाबला की खालचा मजकूर घडी घातल्याप्रमाणे मिटतो. पुन्हा दाबला की उलगडतो. लांबलचक अहवालास ही सोय फार चांगली. दुसरी रीत ‘हिडन’ अक्षरांची. मजकूर निवडून ‘कंट्रोल’ आणि ‘डी’ ही बटणे एकत्र दाबावी व ‘हिडन’ या शब्दापुढे खूण करावी. तो मजकूर पडद्यावरून नाहीसा होतो आणि वेगळी आज्ञा दिल्याविना छापतानाही उमटत नाही. परिच्छेदाच्या चिन्हाचे बटण दाबले की तो पुन्हा दिसू लागतो. गुरुजींनी प्रश्नपत्रिका व उत्तरे एकाच कागदात ठेवण्यास ही रीत सोयीची आहे. परंतु विद्यार्थ्यांना छापील प्रत द्यावी, मूळ फाईल नव्हे.

ई-मेलची गोष्ट मात्र निराळी. संकेतस्थळावर ‘डिटेल्स’ आणि ‘समरी’ या दोन खुणांनी अशी घडी सहज घालता येते. पण ई-मेल दाखविणारे प्रोग्राम सुरक्षिततेसाठी पत्रातील हालत्या करामती काढून टाकतात, आणि या साध्या खुणाही सर्वत्र मानल्या जात नाहीत. परिणामी तुम्ही झाकून पाठविलेले उत्तर समोरच्यास एखादे वेळी उघडेच दिसते. तेव्हा ई-मेलमध्ये सरळ मार्ग बरा: मुख्य गोष्ट चार ओळींत आधी लिहावी, विस्तार वेगळ्या कागदात जोडावा आणि कोड्याचे उत्तर दुसऱ्या पत्रात धाडावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. घडी म्हणजे कुलूप नव्हे. झाकली मूठ सव्वा लाखाची असे आपण म्हणतो खरे. पण ही मूठ कोणालाही उघडता येते. २००५ साली इराकमध्ये निकोला कालिपारी हे इटालियन अधिकारी अमेरिकन सैनिकांच्या गोळीबारात ठार झाले. त्यासंबंधीच्या अमेरिकन लष्कराच्या अहवालात काही नावे व मजकूर काळ्या पट्ट्यांखाली झाकला होता. तो भाग निवडून दुसऱ्या कागदावर उतरविताच सर्व अक्षरे वाचता आली. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेतील पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयास दिलेल्या कागदाचीही हीच गत झाली. पट्टा वर होता, अक्षरे खाली जशीच्या तशी होती. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटावयाचे राहत नाही! जेथे लष्कर व वकील फसले, तेथे आपण बँकेचा परवलीचा शब्द, आधार क्रमांक किंवा कोणाच्या आजाराची खाजगी हकीकत ‘झाकून’ पाठवावी, हे शहाणपणाचे नव्हे. जे दुसऱ्यास कळू नये ते त्या कागदात लिहूच नये. लिहिले असल्यास पाठविण्यापूर्वी पुसून टाकावे.

याच्या उलट, जे कळलेच पाहिजे तेही घडीत ठेवू नये. औषधाची मात्रा, सभेची तारीख, फी भरण्याचा शेवटचा दिवस, देण्याघेण्याची रक्कम या गोष्टी पहिल्याच ओळीत ठळक असाव्यात. घरातील वृद्ध माणसास त्रिकोणावर बोट लावावयाचे असते हे ठाऊक नसते. त्यास कागद जेवढा दिसतो तेवढाच तो वाचतो, आणि उरलेला निरोप वाया जातो. अशा वेळी दोष वाचणाऱ्याचा नसतो, लिहिणाऱ्याचा असतो.

सारांश, आधी कळल्याने ज्याची गोडी जाते आणि न वाचल्याने ज्याचे अडत नाही, तेवढेच झाकावे. पत्र पाठविण्यापूर्वी ते एकदा घरातील दुसऱ्या कोणाच्या मोबाईलवर उघडून पाहावे. त्यास काय दिसते आणि काय दिसत नाही, हे तेथेच कळून येईल.